पक्षाघात आणि घरी आलेली फाईल

पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडतात तेव्हा त्याच्याबरोबर एक प्लास्टिकची फाईल येते. तिच्यात मेंदूच्या स्कॅनची काळी फिल्म, रक्ताचे रिपोर्ट, बिलं आणि सगळ्यांत वर इंग्रजीत लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड असतं. कार्डावर औषधांची नावं आणि त्यांच्यापुढे ओडी, बीडी, टीडीएस, एचएस अशी अक्षरं. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे रात्री झोपताना. खाली एका ओळीत ‘फिजिओथेरपी’ आणि ‘१५ दिवसांनी दाखवणे’. ही फाईल ज्यांच्या हाती पडते ती बहुतेक वेळा बायको असते, सून असते, नाहीतर कॉलेजातून सुट्टी काढून आलेला मुलगा. मेडिकलवाला गोळ्यांच्या पाकिटांवर पेनाने खुणा करून देतो आणि इथून पुढचा सगळा उपचार त्या घरावर येऊन पडतो.

त्या कार्डात बरंच काही लिहिलेलं नसतं. लुळ्या हाताला धरून माणसाला उठवायचं नाही, हे नसतं. पाणी पाजताना त्याला कसं बसवायचं, हे नसतं. बीपी ‘नॉर्मल’ आलं तरी गोळी का बंद करायची नाही, हेही नसतं. पक्षाघातातून माणूस किती सावरतो हे जसं मेंदूचा किती भाग गेला यावर ठरतं, तसंच त्या घराला या गोष्टी कुणी समजावून सांगितल्या की नाही यावरही ठरतं. आरोग्य साक्षरता हा शब्द जड वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच : आजाराबद्दल मिळालेली माहिती कळणं, आणि ती कळल्यावर त्याप्रमाणे वागता येणं.

महाराष्ट्रात हा प्रश्न किती मोठा आहे, याचं उत्तर गडचिरोलीतून आलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला. गावोगावी जाऊन, नातेवाइकांशी बोलून प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं गेलं. २०१५ साली ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झाले होते. जंगलपट्ट्यातल्या या जिल्ह्यात पहिला क्रमांक हिवतापाचा किंवा क्षयाचा असेल अशी सर्वसाधारण समजूत, निघाला पक्षाघाताचा. आणि पक्षाघाताने गेलेल्यांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक माणसं घरीच गेली. पहिल्या महिन्यात दगावलेले निम्म्याहून थोडे कमी होते. म्हणजे उरलेले त्यानंतरही जगले होते, खाटेवर, घरच्यांच्या हाताखाली. त्या आठवड्यांत आणि महिन्यांत घरच्यांना काय माहीत होतं, यावर बरंच काही अवलंबून होतं.

गावाकडे या आजाराला ‘वारं गेलं’ म्हणतात, कुठे ‘लकवा मारला’. वारं अंगावरून गेलं म्हटलं की इलाजही अंगावरच होतो : तेल चोळणं, शेकणं, काही ठिकाणी आजही कबुतराचं रक्त लावणं. प्रत्यक्षात बिघाड हातापायात नसून मेंदूत असतो. मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि तिच्यावर पोसलेला भाग मरू लागतो. बंद होण्याचं प्रमाण फुटण्यापेक्षा पुष्कळ जास्त. मोठी नळी तुंबली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या नळीतली गुठळी तारेने ओढून काढण्याची प्रक्रिया निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येते. हे आता बऱ्याच लोकांच्या कानावर गेलं आहे. त्यानंतरच्या महिन्यांबद्दल मात्र फार कमी बोललं जातं.

भारतात या पुढच्या टप्प्यावर दोन मोठे प्रयोग झाले आणि दोन्ही नीट समजून घेण्यासारखे आहेत.

पहिल्याचं नाव ‘अटेंड’. फिजिओथेरपिस्ट कमी, रुग्ण अफाट, तेव्हा घरच्याच एका माणसाला व्यायाम शिकवले तर? १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर हे करून पाहिलं गेलं. निम्म्यांच्या घरच्यांना रुग्णालयात शिकवलं, नंतर घरीही पाठपुरावा केला. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला : सहा महिन्यांनी दगावलेल्या किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. फरक शून्य.

दुसरा ‘स्प्रिंट इंडिया’. पुन्हा झटका येऊ नये म्हणून ३१ केंद्रांतल्या ४,२९८ रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर मोबाइलवर संदेश, छोट्या चित्रफिती आणि एक माहितीपुस्तिका दिली गेली, तीही १२ भाषांत. २०२३ साली निष्कर्ष आले. पुन्हा झटका, हृदयविकार, मृत्यू हे सगळं मिळून प्रमाण माहिती मिळालेल्या गटात ५.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ४.९ टक्के, म्हणजे फायदा दिसला नाही. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. माहिती मिळालेल्या गटात तंबाखूचा धूर आणि दारू सोडणारे जास्त निघाले, आणि गोळ्या नियमित घेणारे ९३.६ टक्के होते, दुसऱ्या गटात ८९.८.

या दोन अभ्यासांवरून ‘शिकवून उपयोग नाही’ असं म्हणणं सोपं आहे आणि चूकही आहे. संदेशाने माणसाची सवय हलते, हे दुसऱ्या अभ्यासात स्पष्ट दिसतं. पण सवय हलली म्हणून वर्षभरात मेंदूतली नळी सुधारलेली दिसेल, ही अपेक्षा मोठी आहे. आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने काही दिवसांच्या प्रशिक्षणावर तज्ज्ञ थेरपिस्टची जागा भरून काढावी, ही तर फारच मोठी. घराला शिकवायलाच हवं. मात्र घराला शिकवून यंत्रणेने अंग काढून घेतलं तर ते ओझं घराला पेलत नाही, हा या आकड्यांचा सरळ अर्थ आहे.

घराच्या हातात काय असू शकतं, हे एका जुन्या गोष्टीत दिसतं. पेद्रो बाख-इ-रिता हे न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातले प्राध्यापक, मूळचे कातालान (स्पेनमधल्या कातालोनियाचे), कवी. १९५९ साली ६५व्या वर्षी त्यांना मोठा पक्षाघात झाला. अर्धं अंग आणि वाचा गेली. पत्नी आधीच वारलेली. त्यांचा मुलगा जॉर्ज तेव्हा मेक्सिकोत वैद्यकीचा विद्यार्थी होता. त्याने वडिलांना आपल्याकडे नेलं. तिथल्या काही आठवड्यांच्या उपचारांनी काहीच फरक पडला नाही. त्या काळी त्यापुढे काही करायचं असतं, असं कुणी मानतही नव्हतं.

जॉर्जला पुनर्वसनाचं शास्त्र येत नव्हतं. त्याने ठरवलं, मूल जसं चालायला शिकतं तसंच शिकवायचं, आधी रांगायचं. बापाच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या आणि भिंतीला अशक्त खांदा टेकवून त्यांना अंगणात रांगायला लावलं. शेजाऱ्यांना हे क्रूर वाटलं. म्हाताऱ्या प्राध्यापकाला कुत्र्यासारखं वागवतात, असं ते म्हणत. मग जमिनीवर गोट्यांचा खेळ सुरू झाला, घरंगळत गेलेली गोटी लुळ्या हाताने पकडायची. मग घासायची भांडी. चांगल्या हाताने भांडं धरायचं आणि दुखऱ्या हाताने ते आतून पुसत राहायचं, पंधरा मिनिटं एका दिशेने, पंधरा मिनिटं उलट. हे महिनोन्‌महिने चाललं. वर्षभरात पेद्रो पुन्हा पूर्ण वेळ शिकवू लागले. सत्तरीला निवृत्त झाले, पुन्हा लग्न केलं, डोंगर चढले. ७२व्या वर्षी कोलंबियात उंचावर असताना हृदयविकाराने गेले.

शवविच्छेदनात त्यांच्या मेंदूचे काप तपासले गेले तेव्हा दिसलं, की मेंदूकडून मज्जारज्जूकडे जाणारा चेतातंतूंचा मुख्य मार्ग जवळजवळ पूर्ण नष्ट झालेला होता आणि तो कधी भरून आलाच नव्हता. या माणसाने मग भांडी घासली, शिकवलं, डोंगर चढला ते कशाच्या जोरावर? उरलेल्या भागांनी काम वाटून घेतलं होतं. त्यांचा दुसरा मुलगा पॉल मेंदूशास्त्रज्ञ होता. या तपासणीने तो हादरला आणि मेंदूच्या बदलण्याच्या क्षमतेचा अभ्यास हेच पुढे त्याचं आयुष्य झालं.

एका माणसाच्या गोष्टीवरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही, हे खरं. बऱ्याच रुग्णांचं नुकसान असं असतं, की कितीही मेहनत केली तरी हात पूर्ववत होत नाही, आणि त्यात घरच्यांचा दोष नसतो. पण पेद्रोंच्या घरात नकळत जे घडलं त्याचं मर्म पुढे शास्त्राने मान्य केलं : पुनरावृत्ती. मुख्य पाट फुटला की शेतकरी पाणी दुसऱ्या चरातून वळवतो. पहिल्या पाळीला निम्मं वाटेतच जिरतं, मग दर पाळीला चर खोल होत जातो. मेंदूतल्या नव्या वाटाही अशाच पुन्हापुन्हा वापरून तयार होतात. एका अमेरिकी-कॅनडियन पाहणीत (२००९) मात्र असं आढळलं, की हाताच्या कामाचा सराव झाला त्या थेरपी सत्रांत सरासरी ३२ वेळाच ती कृती केली जात होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला दिवसाला शेकडो आवर्तनं लागतात. तासाभराच्या थेरपीत ती भरून निघत नाहीत. उरलेला दिवस घरचा असतो, आणि तिथे स्वयंपाकघर उपयोगी पडतं.

शेंगा फोडण्याचंच पाहावं. ताटलीत मूठभर भुईमुगाच्या शेंगा, समोर रिकामी वाटी. अंगठा आणि तर्जनी शेंगेवर आणायला आधी मनगट उचलावं लागतं, बोटं उघडावी लागतात. लुळ्या हाताला हे उघडणंच सगळ्यांत जड जातं. मिटणं लवकर येतं, उघडणं उशिरा. शेंग निसटते, पुन्हा धरायची. दहा शेंगांत घाम येतो. मटार सोलणं, कपड्यांना चिमटे लावणं, तांदूळ निवडणं, कणकेचा गोळा दाबणं, ही सगळी अशीच कामं आहेत. व्यायाम म्हणून शंभर वेळा बोटं हलवायला सांगितलं तर रुग्ण कंटाळतो. वाटीभर दाणे काढून झाल्यावर चटणी होते. घरच्यांची माया मात्र अनेकदा इथेच आड येते. ‘राहू द्या बाबा, मी करते’ असं म्हणून सून घास भरवते, बटणं लावते, आणि त्या हाताला काम उरत नाही. एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञाने याच्या बरोबर उलट पद्धत बसवली : चांगला हात जाड मोज्यात अडकवून ठेवायचा म्हणजे दुखऱ्याला काम करावंच लागतं. २००६ साली २२२ रुग्णांवरच्या चाचणीत दोन आठवड्यांच्या अशा कसून सरावाचा फायदा दिसला. ही पद्धत मनगट आणि बोटं थोडी तरी हलणाऱ्यांसाठीच आहे आणि ती थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करायची.

घाई मात्र अंगाशी येते. ‘अ‍ॅव्हर्ट’ या पाच देशांतल्या चाचणीत २,१०४ रुग्णांपैकी काहींना झटक्यानंतर २४ तासांच्या आत वारंवार उठवून उभं केलं गेलं, आणि तीन महिन्यांनंतर त्यांचीच स्थिती थोडी वाईट निघाली. म्हणून पहिल्या दिवशी ‘चला, उभे राहा’ असा हट्ट नको.

पहिल्या दिवसांतला त्याहून मोठा धोका घशात असतो. झटक्यानंतर सुमारे निम्म्या रुग्णांचं गिळणं बिघडतं. बघायला आलेली मंडळी तोंडात चमच्याने पाणी, तीर्थ, चहा घालतात. ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं, न्यूमोनिया होतो आणि माणूस पक्षाघाताने न जाता त्या घोटाने जातो. काही रुग्णांना ठसकाही लागत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. गिळणं तपासून होईपर्यंत तोंडाने काहीही द्यायचं नाही. परवानगी मिळाल्यावरही ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली, छोटा घास, गिळलेला पाहून मग पुढचा. जेवणानंतर अर्धा तास बसलेलंच ठेवायचं. पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज किंवा मऊ भात बहुतेकांना सोपा जातो. ही अक्षरशः जीव वाचवणारी माहिती आहे आणि ती समजायला पाच मिनिटं लागतात.

खांद्याचंही तसंच. लुळा हात स्वतःच्याच वजनाने खांद्याच्या सांध्यातून खाली ओघळतो. त्याला धरून ओढलं की सांधा दुखावतो, आणि दुखरा खांदा पुढचे सगळे व्यायाम बंद पाडतो. उठवताना कमरेला आधार द्यायचा, बसल्यावर हाताखाली उशी ठेवायची. ज्या अंगाला संवेदना नाही तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवली तर कातडी भाजते आणि रुग्णाला ते कळतही नाही.

वाचा जाते तेव्हा घर सगळ्यांत जास्त गोंधळतं. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला तर अनेकांना वाचाघात होतो. शब्द सापडत नाहीत, भलताच शब्द येतो, ‘हो’ म्हणायचं असताना ‘नाही’ निघतं. लोकांना वाटतं, यांची बुद्धी गेली. मग ते रुग्णाच्या समोरच त्याच्याबद्दल बोलतात, किंवा बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलतात. पुष्कळदा त्याला बरंच काही कळत असतं, फक्त सांगता येत नाही. अमेरिकेतल्या मेंदूशास्त्रज्ञ जिल बोल्ट टेलर यांना १९९६ साली ३७व्या वर्षी डाव्या मेंदूत रक्तस्राव झाला. मदतीसाठी सहकाऱ्याला फोन लावला तेव्हा त्यांच्या तोंडून नुसते आवाज निघाले. आईच्या साथीने त्या पुन्हा बोलायला, वाचायला शिकल्या आणि पूर्ण सावरायला आठ वर्षं लागली. मेंदू अभ्यासणाऱ्या बाईलाही एवढा वेळ लागतो, तर तीन महिन्यांत वाचा आली नाही म्हणून आशा सोडणाऱ्या घरांना हे कुणीतरी सांगायला हवं. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पण तिथे थांबत नाही.

साधं वाक्य न येणाऱ्या रुग्णाला अनेकदा एक ते दहा म्हणता येतं, वार म्हणता येतात, आणि लहानपणापासून पाठ असलेली आरती सुरात सुरू केली की तो शब्द मिळवतो. पाठ झालेलं आणि गायलेलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटांनीही जातं. सुरांचा आधार घेऊन बोलणं शिकवण्याची पद्धत अमेरिकेत १९७३ सालापासून आहे. संध्याकाळी आरती होणाऱ्या आपल्या घरांत हे साधन हाताशीच असतं. आरतीने वाचा येईल असं वचन कुणी देऊ नये. पण माणूस पुन्हा चारचौघांत आवाज लावतो, हेही कमी नाही.

मनाकडे तर शेवटी लक्ष जातं. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला कधी ना कधी नैराश्य येतं. घरचे म्हणतात, ‘हे व्यायामच करत नाहीत, आळशी झालेत, चिडचिड करतात.’ तो आजाराचा भाग असतो आणि त्यावर औषध आहे, हे कळलं तर निम्मी भांडणं थांबतील.

आणि मग गोळ्या. झटका येणाऱ्यांपैकी साधारण चौघांतल्या एकाला तो आधीही येऊन गेलेला असतो. २००१ सालच्या ‘प्रोग्रेस’ चाचणीत ६,१०५ रुग्ण होते, त्यांपैकी रक्तदाबाची औषधं दिलेल्या गटात पुन्हा झटका येण्याचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा २८ टक्क्यांनी कमी निघालं. बीपी वाढलं तरी काही दुखत नाही, म्हणून ही गोळी आधी सुटते. ‘मोजलं, नॉर्मल आलं, बंद केली’ हे वाक्य डॉक्टर रोज ऐकतात. ते नॉर्मल गोळीमुळे आलेलं असतं. रक्त पातळ करायची गोळी दात काढायच्या वेळी कुणीतरी थांबवायला सांगतं आणि पुन्हा सुरू करायची राहून जाते. ही गोळी मूळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही.

हे सगळं सांगायला वेळ कुणाला आहे, असा प्रश्न भरलेल्या वॉर्डात येतोच. पण सांगणं आणि समजणं यांतलं अंतर तपासायला एकच उलटा प्रश्न पुरतो. ‘समजलं ना?’ असं विचारलं की सगळे मान डोलावतात. त्याऐवजी सिस्टर म्हणाली, ‘ताई, आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर बाबांना पाणी कसं पाजाल?’ तर काय निसटलं ते लगेच दिसतं. आरोग्यसेवेत ही पद्धत जगभर वापरली जाते आणि तिला खर्च नाही. डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या कोऱ्या पानावर मराठीत सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने काढून द्यायलाही खर्च नाही. नातेवाइकांनीही संकोच सोडून तेवढं मागावं. कायमचं अपंगत्व राहिलं तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळतं, ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सवलती लागू होतात. हेही बऱ्याच घरांना वर्षानुवर्षं माहीत नसतं.

घरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात फाईलच्या कव्हरवर चार गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवता येतात : १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर, चोवीस तास सीटी स्कॅन होणारं जवळचं रुग्णालय, सध्या चालू असलेल्या गोळ्या, आणि झटक्याची लक्षणं, म्हणजे चेहरा वाकडा होणं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं. लक्षणं दहा मिनिटांत गेली तरी जायचंच, कारण तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो आणि धोका पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो. रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, ‘शेवटचं ठीकठाक कधी पाहिलं होतं?’ झोपेतून उठल्यावर लक्षण दिसलं असेल तर उत्तर सकाळचं नसतं, रात्री झोपायला गेले तेव्हाचं असतं. इंजेक्शन द्यायचं की नाही, हे त्या उत्तरावर ठरतं.